रात्री फोन वाजला की हात गार पडतात

पत्र सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलंय. लिहिणाऱ्या डॉक्टर २६ वर्षांच्या आहेत, बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून पहिलीच नेमणूक. ओळख पटेल असे तपशील काढून पत्राचा गाभा इथे देतो.

'तीन आठवड्यांपूर्वी रात्री पाड्यावरून एक बाई आली. चौथं बाळंतपण, हिमोग्लोबिन ८. आली तेव्हाच गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं. बाळ रडलं, वार पडली आणि मग रक्त थांबेना. गर्भपिशवी आवळतच नव्हती. ऑक्सिटोसिन दिलं, मसाज केला, दोन सलाईन लावल्या. आमची १०२ ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. १०८ ची रुग्णवाहिका पन्नास मिनिटांनी आली. बाई वाटेत, घाटातच गेली. परत आल्यावर नातेवाइकांनी दार अडवलं, एक जण अंगावर धावून आला. बाळ चांगलं आहे. त्या दिवसापासून मला झोप नाही. फोन वाजला की हात गार पडतात. आता येईल ती प्रत्येक बाई मी वर, मोठ्या रुग्णालयात पाठवते. सिस्टर म्हणतात, मॅडम, मन घट्ट करा. घरचे म्हणतात, सोड आणि पीजीचा अभ्यास कर. माता मृत्यू अन्वेषणाची बैठक व्हायची आहे. चूक माझी होती का? प्रसूती घेणं थांबवू का? तिच्याऐवजी मी गेले असते तर बरं झालं असतं, असं एकदोनदा वाटून गेलं, पण तसं काही नाही.'

प्रिय डॉक्टर,

उत्तराची सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल. असा विचार नुसता येऊन जातो, की त्याच्याबरोबर एखादा मार्गही डोळ्यांसमोर येतो, हे आज स्वतःला स्पष्ट विचारा. औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते, म्हणून तुमच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मार्ग दिसत असेल, तर किल्ली सिस्टरकडे द्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करून आजची ड्युटी काढून घ्या, घरचं एक माणूस बोलावून घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. रात्र असेल तर १४४१६ लावा. ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची सेवा चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचार घेतले म्हणून मेडिकल कौन्सिलची नोंदणी जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि डॉक्टर पेशंट झाला तरी तो त्याला लागू असतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण डॉक्टर मंडळी याच दोन शंकांपायी महिनोन् महिने अंगावर काढतात.

मार्ग दिसत नसेल, विचार नुसता येऊन जात असेल, तरी तो एका माणसाला सांगायचाच. आम्हाला सांगितलात, आता जवळच्या कुणाला तरी सांगा.

तुम्हाला जे होतंय ते नवीन नाही आणि ते दुबळेपणाचं लक्षणही नाही. पेशंट हाताखाली गेल्यावर डॉक्टरांचं काय होतं, याचा अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे सहा टप्पे मांडले गेले. आधी गोंधळ. मग तीच दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं. मग 'लोक माझ्याबद्दल काय म्हणत असतील' ही टोचणी, मग चौकशी सोसणं, मग कुणाचा तरी आधार शोधणं. शेवटच्या टप्प्यावर वाटा फुटतात: काही जण काम सोडतात, काही काम करत राहतात पण आतून कोरडे पडतात, काही त्यातून शिकून पुढे जातात. तुमच्या पत्रात दुसरा, तिसरा आणि चौथा टप्पा एकाच वेळी चालू असल्याचं दिसतं. पाचवा सुरूच झालेला नाही, कारण केंद्रावर तुम्ही एकट्याच डॉक्टर आहात. कोणती वाट फुटणार, हे बरंचसं त्या पाचव्या टप्प्यावर ठरतं असं आमचं मत आहे.

झोप न लागणं, धडधड, तीच दृश्यं दिसणं, हे सगळं पहिल्या महिन्यात पुष्कळांना होतं आणि हळूहळू ओसरतं. ओसरतंय की नाही हे अंदाजावर सोडू नका. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली तुम्हाला माहीत आहे. दर रविवारी ती स्वतःसाठी भरा. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली, नवव्या प्रश्नाला (तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो) शून्याहून वेगळं उत्तर आलं, किंवा महिना उलटूनही दृश्यं तितकीच जोरात येत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायची. तुम्ही सांगितलेल्या विचारामुळे नवव्या प्रश्नाचं उत्तर आजच शून्य नाही. म्हणजे ही वेळ या आठवड्यातच घ्या, रविवारची वाट बघू नका. कपाटातली अल्प्राझोलम ही झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. झोप लागते, पण महिनाभरात तिच्यावाचून लागेनाशी होते आणि रात्री दोनच्या कॉलला उठल्यावर डोकं जड राहतं. हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल हे धडधड-थरथर कमी करणारं औषध घेणंही तसंच. लिहून द्यायचं तर दुसऱ्या डॉक्टरांनी द्यावं.

आता चुकीबद्दल. पत्रावरून आम्ही न्याय करू शकत नाही आणि 'तुमची काहीच चूक नाही' असं म्हणणारही नाही. ते वाक्य तुम्हाला आतापर्यंत अनेकांनी ऐकवलं असेल आणि त्याने टोचणी गेलेली नाही. त्याऐवजी शोधायचं कसं ते सांगतो.

एक फुलस्केप कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: वेळ, काय दिसलं, काय केलं, आणि त्या क्षणी मला काय माहीत होतं व हाताशी काय होतं. ती दारात आली तिथपासून १०८ चं दार बंद झालं तिथपर्यंत पाच-पाच मिनिटांनी लिहीत जा. वेळा आठवणीवर सोडू नका. केस पेपर, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा आलेख), मोबाइलमधली कॉलची नोंद आणि सिस्टर यांच्याकडून घ्या. घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटं वीस वाटतात आणि वीस मिनिटं पाच, म्हणून हा आग्रह. सगळ्यात जास्त गडबड चौथ्या रकान्यात होते. शेवट माहीत असल्यामुळे आपण पहिल्याच ओळीत लिहून बसतो की 'तेव्हाच कळायला हवं होतं.' त्या मिनिटाला नाडी किती होती, बीपी किती होतं, चादरीवर किती रक्त दिसत होतं, एवढंच त्या ओळीत यायला हवं.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घ्या. गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे बाळंतिणीचं बीपी पुष्कळ रक्त जाईपर्यंत टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं. नाडी त्याच्या आधी वाढते. नाडीला वरच्या बीपीने भागून उत्तर ०.९ किंवा त्याच्या पुढे आलं, तर बीपी ११० दिसत असलं तरी ती धोक्यात असते. पूर्ण दिवसांच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. ती आवळली नाही तर हातात किती वेळ उरतो, याचा हिशेब यावरून करता येईल. त्यात हिमोग्लोबिन ८ असेल तर शरीराकडे शिल्लक जवळजवळ नसतेच. डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज तर बहुतेक वेळा कमीच येतो, कारण रक्त कपड्यात जिरतं आणि टेबलाखाली जातं. अनुभवी लोकांचाही तो चुकतो.

कागद भरला की प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: हे माझ्या हातात होतं, हे यंत्रणेच्या हातात होतं, हे कुणाच्याच हातात नव्हतं. माता मृत्यूंच्या अभ्यासात १९९४ पासून तीन विलंबांची मांडणी वापरली जाते: घरून निघायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर, आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळायला झालेला उशीर. नऊ महिन्यांत हिमोग्लोबिन ८ वरच राहिलं, ती पाड्यावरून पूर्ण उघडून आली, १०२ बाहेर होती, १०८ ला पन्नास मिनिटं लागली, रक्त घाटाच्या पलीकडे होतं. यातली एकही ओळ त्या रात्री तुमच्या हातात नव्हती.

पण एक ओळ आम्हाला विचारावी लागेल. तुमच्या पत्रात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा, म्हणजे रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचा उल्लेख नाही. साठ्यात होतं का? असून दिलं गेलं नाही, की नव्हतंच? नव्हतं तर ती ओळ यंत्रणेची. होतं आणि घाईत सुचलं नाही, तर ती ओळ तुमची, आणि ती तशीच लिहा: 'एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून द्यायला हवं होतं, दिलं नाही.' ते दिलं असतं तर ती नक्की वाचली असती, असं कुणालाही म्हणता येणार नाही. सुमारे वीस हजार स्त्रियांवरच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, तिच्यात तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्यांमधले रक्तस्रावाचे मृत्यू साधारण तीस टक्क्यांनी कमी झाले. बाकीचे औषध देऊनही झाले. चुकीला तिचं खरं माप द्यायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. 'मी वाईट डॉक्टर आहे' या वाक्यावर करण्यासारखं काही नसतं. 'ट्रॅनेक्झॅमिक सुचलं नाही' या वाक्यावर मात्र उद्या सकाळी काम करता येतं.

आणि ते काम करा. पीपीएचचा (बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा) ट्रे आजच सिस्टरबरोबर बसून लावा. १६ किंवा १८ नंबरचे दोन इंट्राकॅथ (शिरेत लावायच्या सुया), रिंगर लॅक्टेट सलाईनच्या बाटल्या, मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या (जिभेखाली ८०० लागतात), ट्रॅनेक्झॅमिकच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन ॲम्प्यूल (मिळून एक ग्रॅम, दहा मिनिटांत हळू द्यायचा, रक्त चालूच राहिलं तर अर्ध्या तासाने पुन्हा एक ग्रॅम), फोलीज कॅथेटर, कंडोम टॅम्पोनेडचा (गर्भपिशवीत आतून दाब देऊन रक्त थांबवण्याचा) संच, लांब हातमोजे. ऑक्सिटोसिन ट्रेमध्ये ठेवू नका. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. ट्रेवर 'फ्रिजमधून ऑक्सिटोसिन' अशी चिठ्ठी चिकटवा. सातपुड्यातल्या उन्हाळ्यात आणि तासन्‌तास वीज जाणाऱ्या केंद्रांत टेबलावर पडलेल्या ॲम्प्यूलचा जोर कमी होतो आणि औषध देऊनही पिशवी का आवळत नाही, ते कळत नाही. त्या रात्री वापरलेल्या ॲम्प्यूल कुठे ठेवल्या होत्या, हा प्रश्नही तुमच्या कागदावर यायला हवा. रक्त मोजायला खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी मिळाली तर उत्तम. अशी एक पिशवी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनासाठी तयार झाली होती. पुढे २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या आफ्रिकी चाचणीत अशी पिशवी आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत मिळून गंभीर परिणाम निम्म्याहून कमी झाले. पिशवी नसेल तर कपडे आणि पॅड वजन करून बघा: एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर.

मग आठवड्यातून एकदा, दुपारी ओपीडी संपल्यावर पंधरा मिनिटं सराव. एक जण गर्भपिशवीवर हात ठेवणार, एक सुई-सलाईन-औषधं बघणार, एक फोन करणार आणि घड्याळ बघून मोठ्याने वेळ सांगणार. औषधाचं नाव मोठ्याने बोलायचं, देणाऱ्याने ते पुन्हा उच्चारायचं. भीती वाढली की माणसाचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, दुसरी दिसतच नाही. पिशवीवर हात असताना ट्रॅनेक्झॅमिक न सुचणं हे त्याचंच उदाहरण. म्हणून क्रम भिंतीवर लिहिलेला असावा आणि तो वाचून दाखवणं हे तिसऱ्या माणसाचं काम असावं.

प्रसूती घेणं थांबवू का, असं विचारलंत. थांबवू नका. पण पुढचे काही आठवडे एकटीने घेऊही नका. येईल तिला वर पाठवल्याने तुमची छाती तेवढ्यापुरती हलकी होते, पण घाटात, हलत्या गाडीत, ईएमटीच्या (रुग्णवाहिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या) हातावर बाळंत होण्याचा धोका त्या बाईच्या वाट्याला जातो. शिवाय प्रत्येक वेळी पाठवून दिल्यावर शरीर हेच शिकतं की पाठवलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते.

परत यायचं ते पायरीपायरीने. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विनंती करून सात ते दहा दिवस उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये जोडून घ्या. तिथे आधी नुसतं बघा, मग ज्येष्ठांच्या नजरेखाली घ्या. ते होईपर्यंत आपल्या केंद्रातल्या रिकाम्या लेबर रूममध्ये दिवसाउजेडी जाऊन उभं राहा. धडधड वाढेल. ती चढलेली असताना बाहेर पडू नका. साधारण वीस ते चाळीस मिनिटांत ती आपोआप उतरायला लागते, उतरली की निघा. पुढची पायरी: सिस्टर साधं बाळंतपण घेत असताना शेजारी उभं राहणं. त्यानंतर दिवसा स्वतः घेणं, तज्ज्ञ फोनवर तयार आहेत हे आधी ठरवून. रात्र सगळ्यात शेवटी. एखाद्या पायरीवर दोन-तीनदा जावं लागलं तरी हरकत नाही, ओलांडून मात्र जाऊ नका.

कुणाला वर पाठवायचं, हेही उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर बसून कागदावर उतरवा: हिमोग्लोबिन ७ च्या खाली, आधीचं सिझेरियन, बाळ आडवं किंवा पायाळू, जुळं, बीपी १४०/९० किंवा वर, आधीच्या बाळंतपणात जास्त रक्त गेलेलं. ही नावं नवव्या महिन्याच्या आधीच वेगळी काढा आणि त्यांना प्रसूतीच्या तारखेआधीच घाटाखाली नेण्याची व्यवस्था आशाताईंबरोबर ठरवा. यादीत बसते ती जाईल, बसत नाही ती तुमच्याकडे राहील. रात्री दोन वाजता भीती आणि निर्णय एकाच डोक्यात नकोत, म्हणून ही यादी.

फोनचं सांगतो. रिंगटोन बदला, थोडा फरक पडेल. खरा उपयोग होईल तो उशाशी ठेवलेल्या कार्डाचा. सिस्टरचा फोन आला की त्यावरचे पाच प्रश्न त्याच क्रमाने विचारा: नाडी किती, बीपी किती, रक्त किती गेलं, पिशवी घट्ट की सैल, शुद्धीवर आहे का. प्रश्न वाचताना आवाज थरथरला तरी चालतो. क्वार्टरपासून लेबर रूमपर्यंत चालताना चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, एवढंच. आठ-दहा श्वासांत हात जरा वळायला लागतात. रात्रभर जाग झाली तरी सकाळी उठायची वेळ बदलू नका, आणि दुपारी झोपलात तर तीनच्या आत, अर्धा तास.

अन्वेषणाच्या बैठकीची भीती तुम्हाला सगळ्यात जास्त दिसते. या बैठकीचं मूळ तत्त्वच असं आहे की नाव घेऊन दोष द्यायचा नाही, मृत्यू का झाला आणि पुढचा कसा टळेल ते शोधायचं. प्रत्यक्षात कुणी आवाज चढवणारच नाही, अशी हमी आम्ही देत नाही. बैठकीत काही वरिष्ठांचा सूर चौकशीचा असतो आणि तो चुकीचाच आहे. तुमची तयारी अशी ठेवा: घटनाक्रमाचं एक पान, मूळ केस पेपर, पार्टोग्राफ, औषधसाठ्याची नोंदवही, १०२ आणि १०८ ला केलेल्या कॉलच्या वेळा. केस पेपरमध्ये आता काहीही खोडू किंवा घुसडू नका. काही राहिलं असेल तर आजची तारीख आणि वेळ घालून 'उशिरा केलेली नोंद' म्हणून लिहा आणि सही करा. मागची तारीख घातलेली एक ओळ पुढे सगळ्या खऱ्या ओळींवर संशय आणते. विचारल्यावर माहीत नसेल तर 'त्या वेळी मला हे माहीत नव्हतं' असं सरळ म्हणा. आणि बैठकीतून मागून घ्यायच्या गोष्टी लिहून न्या: १०२ बाहेर असताना दुसरी गाडी कोणती, ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवणुकीची सोय कधी, खुणांची पिशवी कुठून मिळेल. ट्रॅनेक्झॅमिकची ओळ तुमची निघाली तर तीही सांगा, सरावाचं वेळापत्रक जोडून. आपण रचलेली गोष्ट सांभाळत बसण्यापेक्षा हे पुष्कळ हलकं असतं.

पोलिसांबद्दल थोडक्यात. प्रत्येक मृत्यू हा निष्काळजीपणा नसतो आणि प्रत्येक चूक हा गुन्हा नसतो. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई व्हायला निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय प्रक्रिया करताना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे नोटीस आलीच तर घाबरून जबाब लिहून देऊ नका, आधी तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा आणि वकिलाशी बोला. उलट, तुमच्या अंगावर कुणी हात टाकला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा लागू होतो: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

कायदा मात्र रात्री दारात येऊन उभा राहत नाही. म्हणून त्या रात्रीकडे वळू. नातेवाइकांना पहिली बातमी कधी कळली? पन्नास मिनिटं गाडीची वाट बघताना त्यांना कुणी आत घेऊन सांगितलं होतं का, की रक्त थांबत नाही आणि जीव धोक्यात आहे? तुमचे दोन्ही हात पेशंटवर होते, तुम्हाला ते जमणं शक्यच नव्हतं. म्हणून सरावातल्या तिसऱ्या माणसाला हे कामही द्या. दर दहा मिनिटांनी घरातल्या एका ठरलेल्या माणसाला दोन वाक्यं सांगायची, त्याच्या बोलीत, आशाताईंकरवी. बाहेर थांबलेल्यांना काहीच कळत नाही आणि एकदम मृतदेह दिसतो, तिथे संताप उफाळतो.

मृत्यू सांगताना लेबर रूम नको, व्हरांडाही नको. ओपीडीच्या खोलीत दोन-तीन जवळचे, सगळे बसलेले, तुमची खुर्ची दाराकडे, सिस्टर बरोबर, आणि पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला आधीच फोन गेलेला. आधी एक इशारा: 'वाईट बातमी सांगायची आहे.' मग नाव घेऊन, स्पष्ट: 'त्या वारल्या.' 'आम्ही प्रयत्न केले पण...' असं अर्धवट ठेवू नका, ऐकणाऱ्याला वाटतं अजून आशा आहे. भाषांतर करणाऱ्या आशाताईंना आधी बाजूला घेऊन नेमका शब्द ठरवा, कारण त्या त्याच गावच्या असतात आणि तो शब्द त्यांच्याही तोंडून निघत नाही. मग गप्प बसा. रडू द्या. तुमचेही डोळे भरले तर भरू द्या. कारणं त्यांनी विचारल्यावर सांगा. आवाज चढत गेला आणि कुणी उठून जवळ आलं, तर समजावत बसू नका, बाहेर पडा.

सिस्टर म्हणतात, मन घट्ट करा. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका, त्याही त्या रात्री तिथेच होत्या. त्यांना, मदतनीस मावशींना आणि चालकाला घेऊन वीस मिनिटं बसा. कुणाची चूक हा विषय नको. प्रत्येकाने एवढंच सांगायचं: मी काय पाहिलं, त्यातलं काय मनातून जात नाही, पुढच्या वेळी काय हवं. याखेरीज तुमच्याच बॅचचे बंधपत्रावर गेलेले सहा-आठ जण पंधरवड्यातून एकदा फोनवर जमलात तर आमच्या मते त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बॅलिंट यांनी फॅमिली डॉक्टरांचे असे गट सुरू केले आणि ती पद्धत अजून चालते: एकाने पेशंटचं नाव न घेता एक केस सांगायची, बाकीच्यांनी उपचार सुचवायचे नाहीत, सांगणाऱ्याला त्या पेशंटबद्दल काय वाटतं यावर बोलायचं. डॉक्टरांना उपाय न सुचवता ऐकणं अवघड जातं, पहिल्या दोन-तीन वेळा गट भरकटेल. चालू ठेवा.

सोडून देण्याचा निर्णय आज घेऊ नका. 'कधीच नाही' असं आम्ही म्हणत नाही. काहींना प्रसूतिगृह मानवत नाही, ते बालरोग किंवा सामुदायिक आरोग्यात उत्तम काम करतात. पण झोप नसलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय हा भीतीचा निर्णय असतो. बैठक होऊ द्या, रुग्णालयातले दहा दिवस होऊ द्या, झोप सुधारू द्या, मग तीन महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा समोर घ्या. घरच्यांनाही ही मुदत सांगा, म्हणजे ते रोज विचारणार नाहीत.

आणि बाळ. पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल तीनच शब्द लिहिलेत. घरी जाऊन नवजात बाळ बघण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली. त्यानुसार आशाताईंची २८ व्या आणि ४२ व्या दिवसाची भेट अजून बाकी असेल. आई नसलेल्या बाळाला या भेटींची गरज जास्त. तुम्ही बरोबर जायचं का, हे आशाताईंनी आधी घरच्यांना एकटीने विचारावं, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनाही कल्पना असावी. हो म्हणाले तर बाळासाठी जा, माफी मागायला किंवा स्वतःची बाजू मांडायला नको. वजन करा, दूध कोणतं आणि किती पाणी घालून देतात ते विचारा, बाटली असेल तर ती काढून वाटी-चमचा शिकवा, बेंबी आणि श्वास बघा, दीड महिन्याच्या लसींची तारीख सांगा, थोरल्या तिघांच्या लसी राहिल्यात का तेही बघा. तिच्याबद्दल ते बोलले तर ऐका. नाही म्हणाले तर त्यांचा मान ठेवा आणि आशाताईंनी घेतलेलं वजन दर आठवड्याला तुमच्यापर्यंत पोचेल अशी सोय करून ठेवा.